बोया सरकला म्हणून चार दिवस गेले? कालामिताचा हिशेब तसा लागत नाही

रशियाविरुद्ध इंग्रज आणि फ्रेंच दोस्त म्हणून लढले त्या क्राइमियाच्या युद्धाबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा फिरते. १४ सप्टेंबर १८५४ च्या आदल्या रात्री फ्रेंचांनी क्राइमियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कालामिता आखातातला बोया, म्हणजे दोन्ही फौजांच्या उतरण्याच्या जागांची हद्द दाखवणारी पाण्यावर तरंगणारी खूण, सरकवला, इंग्रजांना किनारा उरला नाही, म्हणून फौज उतरवायला चार दिवस लागले. एकूण दोस्त नौदलांत ताळमेळच नव्हता.

बोया खरंच सरकला का, यावर वाद आहे. पण सरकला असं धरून चाला. इंग्रजांनी त्याच सकाळी थोडी उत्तरेला जागा धरली आणि अंधार पडेपर्यंत त्यांचं बहुतेक पायदळ वाळूवर होतं. मग बोयाने खाल्ले ते फार तर काही तास.

दिवस खाल्ले ते घोड्यांनी आणि तोफांनी. पायदळाचा शिपाई तीन दिवसांचा शिधा घेऊन, पाठपिशवी जहाजावरच ठेवून होडीत बसला की किनाऱ्याला उतरून चालू लागतो. तोफेसाठी दोन होड्या शेजारी शेजारी बांधून वर फळ्यांचा मंच करावा लागतो. त्या दुपारी वारा वाढला, लाटा किनाऱ्यावर फुटू लागल्या. फुटत्या लाटेत दोन्ही होड्या एकदम उचलल्या जात नाहीत; दोर ताणतात, फळ्या निखळतात आणि वरचा घोडा बिथरतो. काम थांबवावंच लागलं. इंग्रजांकडे सुमारे १,००० घोडेस्वार होते, फ्रेंचांनी घोडदळ जवळपास आणलंच नव्हतं. उतरवणं संपलं १८ तारखेला.

ताळमेळाचं म्हणाल तर तो काळ्या समुद्राच्या पलीकडच्या वार्ना बंदरात, जहाजं भरतानाच ठरला होता. फ्रेंचांकडे वाहतुकीची जहाजं अपुरी, म्हणून त्यांनी शिपाई थेट युद्धनौकांवर चढवले. एवढ्या दाटीत तोफा चालवणं अशक्य. त्यामुळे इंग्रजांनी आपल्या युद्धनौका मोकळ्या ठेवून सगळ्या ताफ्याचा पहारा पत्करला. त्यांची एकेक आगबोट दोन-दोन शिडाची जहाजं ओढत होती. फ्रेंच ५ ला निघाले, इंग्रज ७ ला, आणि ८ ला समुद्रात गाठ पडली. ही वाटणी चांगली होती, असं आमचं ठाम मत आहे.

ताळमेळ खरा फसला तो १७ ऑक्टोबरला, रशियाच्या सेवास्तोपोल या आरमारी तळासमोर. ठरलेला बेत बदलून फ्रेंच ॲडमिरल हामलँ यांनी त्याच सकाळी नांगर टाकून मारा करायचं सांगितलं, आणि इंग्रज ॲडमिरल डंडस यांना ते मानावं लागलं. जहाजांनी तोफा डागल्या दुपारी एकच्या सुमारास. जमिनीवरच्या फ्रेंच तोफा मात्र दारूगोळ्याचं कोठार उडाल्यामुळे सकाळी साडेदहालाच गप्प झाल्या होत्या. त्या दिवसानंतर 'अल्बियन' आणि 'अरेथूसा' या इंग्रज युद्धनौका दुरुस्तीसाठी कॉन्स्टँटिनोपलला पाठवाव्या लागल्या.