जनगणनेचा तक्ता म्हणजे बिंदूनामावली नव्हे

अमेरिकेतल्या नोकऱ्यांबद्दल एक मजकूर बरेच महिने फिरतो आहे. त्याचा सारांश असा: अमेरिकी सरकार जनगणनेतून प्रत्येक वंशाची टक्केवारी काढतं, ती कंपन्यांच्या हातात देतं आणि कंपन्यांना तेवढ्या टक्के माणसं भरावीच लागतात. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी हे बंद केल्यामुळे आता ती आकडेवारी रद्दीत गेली. आपल्याकडे जातगणनेची चर्चा सुरू असल्याने ‘बघा, मोजलं की पुढे काय होतं’ अशी पुस्तीही कुणीतरी जोडलेली असते. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकी कंपन्यांच्या एचआर विभागांसाठी काम करणारे कितीतरी लोक हे तक्ते रोज हाताळतात. निदान त्यांनी तरी हा मजकूर पुढे पाठवू नये, म्हणून त्यातला एकेक दावा तपासू.

‘जनगणनेतून प्रत्येक वंशाची टक्केवारी काढतात.’ सुरुवातच चुकीची आहे. 2010 आणि 2020 च्या अमेरिकी जनगणनेच्या अर्जात नोकरीचा प्रश्नच नव्हता. 2000 पर्यंत साधारण सहा घरांमागे एका घराला लांबलचक अर्ज मिळायचा आणि त्यात कामधंद्याची माहिती विचारली जायची. त्यानंतर ते काम ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ या अखंड चालणाऱ्या पाहणीकडे गेलं. ती दरवर्षी सुमारे 35 लाख पत्त्यांवर पोचते. 2014 ते 2018 या पाच वर्षांतली उत्तरं एकत्र करून जनगणना ब्युरोने ‘ईईओ (म्हणजे समान रोजगार संधी) टॅब्युलेशन’ नावाचे तक्ते तयार केले. समान रोजगार संधी आयोग, न्याय विभाग, सरकारी कंत्राटदारांवर देखरेख ठेवणारं श्रम विभागाचं कार्यालय आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांचं व्यवस्थापन पाहणारं कार्यालय, अशा चार सरकारी यंत्रणांसाठी हे तक्ते बनतात.

यांत लोकसंख्येचे टक्के नसतात, कामगारांचे असतात. अमुक काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, अकाउंटंट किती, त्यांत स्त्रिया किती, कृष्णवर्णीय किती, आशियाई किती. शिवाय राहण्याच्या ठिकाणाप्रमाणे एक हिशेब आणि कामाच्या ठिकाणाप्रमाणे दुसरा. एडिसनला राहून रोज मॅनहॅटनला जाणारा आपला मराठी इंजिनिअर पहिल्या हिशेबात न्यू जर्सीत दिसतो आणि दुसऱ्यात न्यू यॉर्कमध्ये. तो एच-वन-बी व्हिसावर असला तरी पाहणीत मोजला जातो, कारण ती तिथे राहणाऱ्या सगळ्यांची असते.

‘लोकसंख्येत जेवढे टक्के, तेवढे नोकरीत हवेत.’ हा दावा सगळ्यांत जास्त पसरला आहे आणि सगळ्यांत जास्त नुकसान तोच करतो. याचं उत्तर अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच दिलं आहे. सेंट लुईस शहराबाहेर हेझलवूड नावाचा शाळा-जिल्हा आहे. तिथे कृष्णवर्णीय शिक्षक नेमत नाहीत, असा सरकारचा आरोप होता. खालच्या न्यायालयाने शिक्षकांची तुलना तिथल्या विद्यार्थ्यांशी केली. कृष्णवर्णीय विद्यार्थी सुमारे 2 टक्केच होते, त्यामुळे शिक्षक कमी असण्यात काही गैर दिसलं नाही. ही तुलना सर्वोच्च न्यायालयाने चुकीची ठरवली. तुलना करायची ती त्या भागात शिक्षकाची पात्रता असलेल्या आणि नेमणुकीसाठी उपलब्ध असलेल्या लोकांशी.

पण ‘तो भाग’ म्हणजे कुठवर? सेंट लुईस शहर धरलं तर परिसरातल्या शिक्षकांत कृष्णवर्णीय 15.4 टक्के होते. शहर वगळलं तर 5.7 टक्के. हेझलवूडने दोन वर्षांत 405 नवे शिक्षक नेमले, त्यांत कृष्णवर्णीय 15. पहिल्या हिशेबाने सुमारे 62 अपेक्षित होते, दुसऱ्या हिशेबाने सुमारे 23. बासष्टच्या जागी पंधरा ही तफावत योगायोगाने पडणं जवळजवळ अशक्य. तेविसच्या जागी पंधरा योगायोगानेही घडू शकतं. शहर आपल्या शाळांत निम्मे शिक्षक कृष्णवर्णीय ठेवण्याचा प्रयत्न करत होतं, त्यामुळे ते हिशेबात धरावं का, हेच आधी तपासायला हवं होतं. न्यायालयाने प्रकरण परत खाली पाठवलं. ज्यांना वाटतं की तक्ता उघडला की उत्तर हाती येतं, त्यांनी हा निकाल वाचावा. कोणतं काम, कोणती पात्रता, कुठपर्यंतचा परिसर, हे माणसाने ठरवायचं असतं आणि ते का ठरवलं हे न्यायालयात सांगायचं असतं.

‘म्हणजे शेवटी आरक्षणच.’ आपल्या सरकारी खात्यातली बिंदूनामावली ज्याने पाहिली आहे त्याला फरक लगेच कळेल. तिथे कितवं पद कोणत्या प्रवर्गाचं, हे आधीच ठरलेलं असतं आणि त्याला संविधानाचा आधार आहे. अमेरिकेच्या 1964 च्या नागरी हक्क कायद्यातलं कलम याच्या उलट आहे: आसपासच्या कामगारवर्गाच्या प्रमाणात तुमची माणसं नाहीत, एवढ्या कारणावरून कुणाला झुकतं माप द्यावं अशी सक्ती हा कायदा करत नाही. सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांसाठी 2025 पर्यंत जे नियम होते, त्यांतही कोटा स्पष्ट शब्दांत निषिद्ध होता.

मग त्या नियमांत आकडे कशाला होते? समजा, एका कंपनीत 40 अकाउंटंट आहेत, त्यांत 18 स्त्रिया. बाहेरच्या बाजारात या कामात स्त्रिया 55 टक्के. कंपनीतल्या ज्या कनिष्ठ लोकांना बढती मिळू शकते त्यांत 40 टक्के. सत्तर टक्के भरती बाहेरून आणि उरलेली बढतीने होत असेल तर उपलब्धता, म्हणजे या कामासाठी मिळू शकणाऱ्या पात्र लोकांतला स्त्रियांचा वाटा, 50.5 टक्के येते, म्हणजे सुमारे 20 स्त्रिया अपेक्षित. आहेत 18. इतका फरक सहज पडू शकतो. हाच आकडा 8 असता तर कंपनीने जाहिरात कुठे दिली, मुलाखतीत कोण गळलं, बढती कुणाची अडली हे शोधायचं होतं. तिथेही नेमणूक पात्र माणसाचीच आणि उपलब्धतेवरून ठरवलेलं लक्ष्य चुकलं म्हणून भेदभाव सिद्ध होत नसे.

टीका करायची तर या तक्त्यांच्या खऱ्या उणिवांवर करावी, त्या गंभीर आहेत. 2014 ते 2018 ची उत्तरं आजच्या सॉफ्टवेअर क्षेत्राला कशी लागू पडणार? लहान काउंटी आणि दुर्मीळ काम एकत्र आलं की नमुना इतका तुटपुंजा उरतो की टक्क्यांवर विसंबता येत नाही. ‘आशियाई’ या एका रकान्यात आपण, चिनी आणि फिलिपिनो सगळे एकत्र. आणि मला सगळ्यांत जास्त खुपतं ते हे: एखाद्या कामातून स्त्रियांना वर्षानुवर्षं दूर ठेवलं असेल, तर त्या कामाच्या तक्त्यातही त्या कमीच दिसतात. मग कंपनी म्हणते, बाजारातच बायका नाहीत. जुना अन्याय असा नव्या अन्यायाची सबब होतो. तक्ता वापरणाऱ्याने हे डोळ्यांआड करू नये.

‘2025 मध्ये सगळं संपलं.’ 21 जानेवारी 2025 च्या आदेशाने रद्द झाला तो लिंडन जॉन्सन यांचा 1965 चा अध्यक्षीय आदेश, क्रमांक 11246. स्त्रिया आणि वांशिक अल्पसंख्याकांसाठी कंत्राटदारांवर असलेलं उपलब्धता मोजण्याचं बंधन त्यासोबत गेलं. हा बदल मोठा आहे. एप्रिल 2025 च्या दुसऱ्या आदेशाने केंद्रीय यंत्रणांना, वरवर तटस्थ दिसणाऱ्या पण एका गटाला फटका देणाऱ्या नियमांविरुद्धची कारवाई मागे टाकायला सांगितलं, हेही खरं.

पण 1964 चा कायदा अध्यक्षांच्या सहीने रद्द होत नाही, तो संसदेचा आहे. वरवर तटस्थ नियमांमुळे होणाऱ्या भेदभावाची तरतूदही संसदेनेच 1991 मध्ये त्या कायद्यात लिहिली. यंत्रणा गप्प बसली तरी नाकारला गेलेला उमेदवार आयोगाकडे तक्रार नोंदवून पुढे न्यायालयात जाऊ शकतो, आणि त्याच्या वकिलाला दाखवावं लागतं की पात्र लोक बाजारात होते. जून 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की बहुसंख्य गटातल्या फिर्यादीला वेगळी, जास्त कडक कसोटी लावता येणार नाही. म्हणजे आपल्याला गोरेपणामुळे डावललं असं म्हणणारा गोरा उमेदवारसुद्धा हेच तक्ते घेऊन न्यायालयात उभा राहू शकतो.