‘रिकामपणाचा उद्योग’ म्हणणाऱ्या वाचकास

स्पॅनिश आणि इंग्रजी शब्दांची लॅटिन मुळं सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. आधी चूक मान्य करते. स्पॅनिश ‘दिया’ आणि इंग्रजी ‘डे’ यांचा अर्थ एक, पण नातं नाही. दिया लॅटिन ‘दिएस’वरून आला, डे जर्मानिक कुळातला. ते वाक्य लेखातून काढलं आहे.

पण त्यावरून तुम्ही लिहिलंत, ‘सारखे दिसणारे शब्द शोधून नाती जुळवायची, हा हौशी लोकांचा रिकामपणाचा उद्योग.’ हे मात्र लागलं. चूक दाखवायला समोरच्याची लायकी काढावी लागत नाही.

शिवाय लेख शेवटपर्यंत वाचलात का, अशी शंका येते. मी सारखेपणा शोधलेलाच नाही. लॅटिन ‘नोक्टेम’चं (रात्र) स्पॅनिशमध्ये ‘नोचे’ झालं, ‘लाक्टेम’चं (दूध) ‘लेचे’, ‘ओक्टो’चं (आठ) ‘ओचो’. तिन्हीकडे क्टचा च. इंग्रजीने त्याच मुळांचे शब्द पुस्तकी लॅटिनमधून उचलले, म्हणून तिथे क्ट शाबूत राहिला: नॉक्टर्नल, लॅक्टोज, ऑक्टोबर. एकदा घडलं तर योगायोग म्हणा. शब्दामागून शब्द त्याच वाटेने गेला तर तो नियमच.

अठरा वर्षं पुण्यात स्पॅनिश शिकवते आहे. मी शिकले तेव्हा क्लासात नुसत्या याद्या पाठ करून घ्यायचे, ‘असं का?’ विचारलं की गप्प बसवायचे. हे नियम मी शब्दकोशाच्या कडेला पेन्सिलीने लिहून लिहून शिकले. त्या कोशाची पानं आता चिकटपट्टीवर तगून आहेत. हा रिकामपणा?

गेल्या वर्षी फळ्यावर स्पॅनिश ‘यावे’ लिहिलं, शेजारी लॅटिन ‘क्लावेम’. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याच क्लचा च झाला आणि तो शब्द आपल्याकडे ‘चावी’ होऊन राहिला, एवढं सांगितलं. मागच्या बाकावरच्या मुलीने पर्समधून स्कूटीची चावी काढली आणि तळहातावर ठेवून बघत बसली. इंग्रजीत खांद्याजवळच्या हाडाला क्लॅव्हिकल म्हणतात, मूळ अर्थ छोटी चावी. आता सांगा, यावे आणि क्लॅव्हिकल तुम्हाला कुठल्या बाजूने सारखे दिसले?

अरबी शब्द गाळले म्हणता, तर लेखाचा विषय लॅटिन होता. साखरेचा ‘आसूकार’ आणि कापसाचा ‘अल्गोदोन’ अरबीतून आले, हे माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक असतं.

राहिलं पदवीचं. लॅटिनची पदवी माझ्याकडे नाही, आणि आहे असं मी कधी म्हटलेलंही नाही. नोचे, लेचे, ओचो यांतलं एक जरी चुकीचं असेल तर ते दाखवा, मी तेही काढेन.