रातबेडकाचं थोडं वेगळं आहे

दाजीपूर परिसरातल्या पावसाळी बेडकांवरचा लेख आवडला. पण मिलनाबद्दल ‘नर मादीला घट्ट मिठी मारतो’ हे वाक्य सरसकट लिहिलंय, तिथं थोडी दुरुस्ती. बहुतेक बेडकांत तसं असतं, रातबेडूक म्हणजे बॉम्बे नाईट फ्रॉग हा गडी मात्र वेगळा. ओढ्यावर झुकलेल्या पानावर नर मादीच्या पाठीवर येतो खरा, पण तिला धरत नाही. हात पानावर नाहीतर फांदीवर टेकवतो. वीर्य तिच्या पाठीवर सोडून बाजूला होतो. मादी अंडी घालते ती त्यानंतर, आणि पाठीवरून ओघळणाऱ्या वीर्यानं ती फळतात. दिल्ली विद्यापीठाच्या एस. डी. बिजू यांच्या चमूनं हे २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. शिवाय या जातीत मादीही आवाज देते, जे बेडकांत क्वचितच आढळतं.

आमच्या कोल्हापूरकरांना दाजीपूर म्हटलं की गवाच दिसतो. १९५८ चं अभयारण्य, गव्यांमुळंच नावारूपाला आलं, त्यामुळं नवल नाही. पण रातबेडकाची अंडी असलेलं ते पान नीट बघण्यासारखं असतं: साबुदाण्यासारखा पारदर्शक पुंजका, प्रत्येक दाण्यात काळपट ठिपका. पिल्लं बाहेर पडली की थेट खाली पाण्यात. मग फोटोच्या आड येते म्हणून ओढ्यावरची फांदी कोयत्यानं छाटणाऱ्या महाभागांना काय म्हणायचं? मी बघितलेत असले. लेखात वणवे, रस्ते, कचरा सगळं आलंय, हे तेवढं राहिलं. पुढच्या भागात घ्या.