मशीनसोबत आलेल्या चष्म्याबद्दल

घरी लेसरने कोरण्याच्या मशीनवरचा हा लेख उपयोगी आहे, पण "मशीनसोबत आलेला हिरवा चष्मा पुरेसा आहे" हे वाक्य खटकलं. त्या चष्म्याची काडी आणि काच उजेडात धरून बघा, बऱ्याचदा त्यावर अक्षरही छापलेलं नसतं. चांगल्या चष्म्यावर तरंगलांबीची रेंज आणि ओडी म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी लिहिलेली असते. ईएन २०७ या लेसर-चष्म्यांच्या युरोपीय मानकातला असेल तर 'एलबी ५' वगैरे संरक्षणाच्या पातळीची खूणही दिसेल.

ओडी एकाने वाढला की आरपार येणारा प्रकाश दहापट घटतो. म्हणजे १० वॅटच्या निळ्या डायोड लेसरचा झोत ओडी ४ मधून १ मिलीवॅट उरतो, ओडी ६ मधून ०.०१ मिलीवॅट. एक मिलीवॅट म्हणजे साध्या पॉइंटरएवढा झोत थेट डोळ्यात, त्यामुळे मी तरी सहाच्या खाली घेणार नाही. तेही निळ्या झोताच्या तरंगलांबीला, म्हणजे ४५० नॅनोमीटरच्या आसपास. इतर रेंजचा ओडी ७ असला तरी इथे काय कामाचा?

निळ्यासाठीचा नारिंगी चष्मा १०६४ नॅनोमीटरच्या फायबर लेसरला चालेल असं धरून चालू नका. तो झोत दिसतच नाही, त्यामुळे पापणीही आपोआप मिटत नाही. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेसरवाल्यांचं त्या मानाने बरं, त्याचा १०,६०० नॅनोमीटरचा झोत पारदर्शक पॉलिकार्बोनेटसुद्धा अडवतं.

आणि हो, चष्मा एक आणि मशीनभोवती बघे चार, हे घरोघरी चालतं. चकचकीत ॲल्युमिनियमच्या कीचेनवरून उसळलेला झोत बघ्यांनाही सोडत नाही. त्यापेक्षा झाकण लावा, मोबाइलचा कॅमेरा आत ठेवा आणि स्क्रीनवर बघू द्या.