‘सरकारी खर्चाने सहल’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

सर, नमस्कार.

विद्यापीठ आणि महाविद्यालयीन ग्रंथपालांसाठीच्या परदेशी विनिमय कार्यक्रमांवर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली. दिवसभर देवघेवीच्या काउंटरवर काम करतानाही ती डोक्यातून गेली नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ग्रंथपालांची पदं रिकामी आहेत, आधी ती भरा. अर्ज, मुलाखती सगळं इंग्रजीत, त्यामुळे तालुक्याच्या गावातला ग्रंथपाल तिथवर पोचतच नाही. शिकायचंच असेल तर मुंबई-पुण्याला शिकता येतं. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: ‘हे कार्यक्रम म्हणजे सरकारी खर्चाने सहल, परत येऊन कोणी काय उजेड पाडला? मॅडम, फोटो मात्र छान आले असतील.’

तुम्ही निवृत्त ग्रंथपाल आहात असं लिहिलंय. पेशातला ज्येष्ठ माणूस आपल्याच पेशातल्या बाईशी असं बोलतो, याचं वाईट वाटलं. माझ्या लेखात एकही फोटो नव्हता. माझ्या जागी एखादे सर गेले असते, तर तुम्हाला फोटो आठवले असते का?

इंग्रजीचा मुद्दा मान्य. वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी करणं) कोळून प्यायलेली माणसं अर्जातलं उद्दिष्टांचं एक पान इंग्रजीत लिहायचं म्हणून मागे राहतात, हे मी पाहिलंय.

पण ‘सरकारी खर्चाने सहल’ हे मी सोडणार नाही. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेनच्या ग्रंथालयात 1991 पासून मॉर्टेन्सन सेंटर आहे. जगभरातले ग्रंथपाल तिथे जाऊन शिकतात, आणि ते उभं राहिलं मॉर्टेन्सन दांपत्याच्या देणगीतून. अमेरिकेत शिकायला-संशोधनाला जाण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीत मात्र सरकारी पैसा आहे. 2008 च्या करारापासून भारत आणि अमेरिका दोघेही तो घालतात, आणि घालायलाच हवा. प्राध्यापक गेला की अभ्यासदौरा आणि ग्रंथपाल गेला की सहल, हा भेद बाहेरचे करतात तेव्हा आपण चिडतो. तो तुम्हीच करावा?

सरकारी पैशाचंच बोलायचं तर 1951 पासून बोलू. त्या वर्षी धान्यटंचाईत अमेरिकेने भारताला गहू घेण्यासाठी सुमारे 19 कोटी डॉलरचं कर्ज दिलं. त्यावर भारताने भरायच्या व्याजातले 50 लाख डॉलरपर्यंत शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी वापरायचे ठरले. त्यातून आपल्या विद्यापीठांना पुस्तकं आणि प्रयोगशाळेची उपकरणं मिळाली, आणि आपले विद्यापीठ ग्रंथपाल तिकडची ग्रंथालयं कशी चालतात ते पाहायला गेले. म्हणजे ज्या वर्षांत देशाला खायला धान्य कमी होतं, त्या वर्षांतल्या कर्जाच्या व्याजातूनही ग्रंथपालांना पाठवणं कोणाला चैन वाटली नाही. आज वाटते, आणि तीही एका ग्रंथपालाला!

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्याबद्दल तुम्हाला सांगायला नको, तरी सांगते. 1924 मध्ये गणिताचे हे प्राध्यापक मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि तिथे त्यांचं मन रमेना. परत शिकवायला जायचं म्हणत होते. लंडनला गेले, युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले, सेयर्स या शिक्षकांच्या सांगण्यावरून तिथली ग्रंथालयं आतून पाहत फिरले, आणि 1925 मध्ये परतले ते जन्मभरासाठी ग्रंथपाल होऊन. मद्रासला वाचकांना थेट कपाटांपर्यंत जाऊ दिलं, 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची त्यांची पंचसूत्री आली, 1933 मध्ये पुस्तकं विषयवार लावायची त्यांची पद्धत, द्विबिंदू वर्गीकरण. उजेड कोणी पाडला, असं विचारलंत ना?

आता माझं. मी अनुदानित महाविद्यालयातली ग्रंथपाल. एका अमेरिकन विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला काही आठवडे काम करता आलं. तिथली इमारत, यंत्रं यांचं कौतुक मी लेखात केलं नव्हतं, इथेही करत नाही. मला ज्याने बदललं ती एक बैठक होती. नियतकालिकांच्या वर्गणीत कपात करायची होती. ग्रंथालयाच्या प्रमुख बाईंनी प्रत्येक नियतकालिकाची किंमत आणि ते किती वेळा वापरलं गेलं याचे आकडे प्राध्यापकांपुढे ठेवले. एक प्राध्यापक भलतेच तापले. बाईंनी त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं, दोन नावं यादीतून काढली, बाकीच्या कपातीवर ठाम राहिल्या. प्राचार्य काय म्हणतील याची वाट पाहण्यात माझी तोवरची नोकरी गेली होती. ग्रंथालय समितीत यादी वाचायची, सही घ्यायची, उठायचं.

परत आल्यावर मी वापराच्या नोंदी ठेवायला लागले आणि त्या समितीपुढे मांडल्या. कोणी न उघडलेली नियतकालिकं बंद झाली, तो पैसा बुक बँकेच्या, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना वापरायला देतो त्या पाठ्यपुस्तकांच्या, जादा प्रतींकडे वळला. हे छोटं वाटेल. पुस्तक विकत घेऊ न शकणाऱ्या मुलीला ते छोटं वाटत नाही.

आणि मी तिकडून फक्त घेऊनच आले असंही नाही, काही देऊनही आले. 1962 पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय पीएल-480 योजनेतल्या, म्हणजे अमेरिकी धान्याच्या बदल्यात भारताने दिलेल्या, रुपयांतून भारतीय पुस्तकं घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवू लागलं. त्यात मराठी पुस्तकंही गेली. मी होते तिथे एकाच मराठी लेखकाची नोंद एकदा आद्याक्षरांनी, एकदा पूर्ण नावाने, अशी दोन जागी झालेली होती. तिथल्या तालिकाकाराबरोबर, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्याबरोबर, बसून मी अशा नोंदी जुळवून दिल्या. ते त्यांना माझ्याशिवाय उमगलं नसतं.

‘मुंबई-पुण्याला शिका’ म्हणता. रिफ्रेशर कोर्सना मी गेले आहे, जाते. व्याख्यानं होतात, प्रमाणपत्र मिळतं. पण आपल्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत, वाद चालू असताना, बाहेरच्या ग्रंथपालाला शेजारी बसवून घेणारं एकही ग्रंथालय मला इथे भेटलं नाही. नेतृत्व शिकायचं ते तिथेच. आपल्याकडच्या मोठ्या ग्रंथालयांनी हे उद्या सुरू केलं तर पहिला अर्ज माझा असेल.

रिक्त पदांचा विषय मोठा आहे, त्यात आज शिरत नाही. पदं भरेपर्यंत असलेल्यांनी शिकू नये, असं तुम्हालाही म्हणायचं नसावं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तुमच्या ओळखीत कोणी सहायक ग्रंथपाल अर्ज करू पाहत असेल तर माझ्याकडे पाठवा. उद्दिष्टांचं पान आधी मराठीत लिहून आणू दे, इंग्रजीत आणायला मी बरोबर बसेन. फक्त फोटोंबद्दलचं ते वाक्य त्यांना ऐकवू नका.