पाणी किती फुटांवर आहे?

पुण्याच्या माणसाला हवामान विचारलं की तो आभाळाकडे बघतो. आम्ही सांगलीकर आयर्विन पुलाकडे बघतो. 40 फुटांवर इशारा, 45 ला धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई 57 च्याही वर गेली. तेव्हापासून आई जगातलं कुठलंही पाणी फुटांतच मोजते. त्या गुरुवारी दुपारी तिचा फोन आला. "टीव्हीवर तुमच्याकडचा पूर दाखवला. पाणी किती फुटांवर आहे? आणि वरनं किती सोडलंय?"

मी इंग्लंडात वूस्टरला राहतो. गावाचं नाव लिहायला अर्धी एबीसीडी लागते आणि म्हणताना तेवढं 'वूस्टर' उरतं. गाव सेव्हर्न नदीच्या काठावर आहे. कॅथीड्रलखालच्या दरवाजाशी भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा कोरल्यात, 1770 ची सगळ्यात वर, 1947 ची तिच्या खाली. नदीपलीकडचं कौंटीचं क्रिकेट मैदान तर हिवाळ्यात पाण्याखाली जातंच. शॉर्ट लेगला हंस उभे असतात, आणि मैदानाच्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. मला मात्र इथे आल्या दिवसापासून घरी आल्यासारखंच वाटलं.

तर त्या संध्याकाळी डोंगरापलीकडे लेडबरीला आमचा बुद्धिबळाचा लीग सामना होता. ही संध्याकाळची लीग म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. हिवाळ्यात इथे चारलाच अंधारतं. मग दिवसभर काम करून दमलेली माणसं आठवड्यातून एकदा गाडी काढतात, दुसऱ्या गावातल्या पबच्या मागच्या खोलीत जाऊन तीन तास डोकं शिणवतात आणि मध्यरात्री घरी येतात. बक्षीस शून्य. चहासुद्धा स्वतःच्या पैशाने.

यात मी सापडलो तो माझ्या तोंडामुळे. पहिल्याच दिवशी कप्तानाला सांगून बसलो, की मी सांगलीचा, बुद्धिबळवाल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावचा, बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे आमच्याकडच्या. त्याने घरी जाऊन हे सगळं शोधून वाचलं. मी मे महिन्याच्या सुट्टीत नूतन बुद्धिबळ मंडळात जायचो हे खरं, पण तिथे पहिल्या फेरीत कोणालातरी हरावं लागतं, आणि ती जबाबदारी मी बरीच वर्षं सांभाळली, हे सांगायचं राहून गेलं.

"आज जायलाच हवं का?" बायकोने विचारलं. ती पुण्याची असल्यामुळे हा प्रश्न नव्हता. हवामान खात्याने पिवळा इशारा दिला होता. आठवडाभर पाऊस झाला होता आणि दुपारपासून पारा घसरत चालला होता. तेवढ्यात कप्तानाचा मेसेज आला: 'थोडं ओलं आहे. सहाला निघू.' इंग्रज माणूस 'थोडं ओलं' म्हणाला की पोहता येणाऱ्यांनीच निघावं. पण चारच पट, मी नसलो तर एक पट आयताच जाणार. शिवाय सांगलीचा माणूस पाण्याला घाबरला म्हणून चार लोकांत तोंड कसं दाखवायचं?

गाडी माझी. शेजारी कप्तान, भूगोलाचा निवृत्त मास्तर. मागे आमचा पहिल्या पटावरचा चौदा वर्षांचा पोरगा, रसायनशास्त्राचा गृहपाठ करत, आणि त्याच्या बाजूला गमबूट घालून आलेला प्लंबर. पॉविकला आलो तर दोन्हीकडची शेतं गायब. टीम नावाची नदी सेव्हर्नला भेटायला रस्त्यावरूनच निघाली होती. मी ब्रेक मारला. कप्तानाने खिडकीची काच पुसली आणि म्हणाला, "1642 साली यादवी युद्धातली पहिली मोठी चकमक इथल्याच जुन्या पुलाशी झाली. राजाच्या बाजूने जिंकली."

"शुभशकुन," मागून पोरगा म्हणाला. डोकं वर न काढता.

एक फूट वाहतं पाणी छोटी गाडी उचलू शकतं, हे मला ठाऊक होतं. प्लंबरलाही असावं, कारण तो न सांगता उतरला आणि हेडलाइटच्या उजेडात पुढे चालत गेला. आयुष्यभर लोकांच्या स्वयंपाकघरात तुंबलेलं पाणी पाहिलेला माणूस, त्याच्या चालण्यात एक अधिकार होता. परत येऊन त्याने नडगीवर हात ठेवून दाखवलं. "मधोमध चालव. पहिला गिअर. थांबू नकोस." मी मनात 'गणपती बाप्पा मोरया' म्हटलं आणि निघालो. दाराच्या फटीतून आत आलेलं थोडं पाणी फक्त माझ्या बुटांत शिरलं. बाकीचे तिघे कोरडे.

मग मॉल्व्हर्नच्या टेकड्या. सगळ्यात उंच माथा 425 मीटर, म्हणजे सह्याद्रीच्या माणसाने उगाच मोठ्याने हसू नये इतकाच. पण खाली पडणारा पाऊस वर जाईपर्यंत बर्फ झाला होता. त्यातल्याच ब्रिटिश कॅम्प नावाच्या टेकडीच्या चढावर पुढची गाडी अंगणातल्या रांगोळीवरून घसरल्यासारखी आडवी झाली. आमचीही मागे सरकायला लागली. रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक येऊन गेला होता म्हणे; पण आपल्याकडे हॉटेलवाला कांदा भज्यांवर टाकतो, तेवढंच टाकलं असावं. शेवटी प्लंबर आणि पोरगा मागून ढकलत, कप्तान आतून सूचना देत, असे आम्ही खिंडीत पोचलो. पलीकडचा उतार मी डोळे मिटून उतरलो असं बायकोला सांगितलेलं नाही.

साडेसातचा सामना, आम्ही पोचलो आठ वाजून पाच मिनिटांनी. आमच्या तिघांची पटावरची घड्याळं आमच्याच वेळातली पस्तीस मिनिटं पळून दमली होती. चौथ्या पटावर मात्र माझ्यासमोरची खुर्ची रिकामी. त्यांचा कप्तान शरमून म्हणाला, "ते समोरच्याच घरात राहतात. पण बर्फ पडलाय ना."

साडेआठपर्यंत आले नाहीत तर पूर्ण गुण माझा! मी मोजे काढून रेडिएटरवर वाळत घातले, चहा मागवला आणि अनवाणी बसून घड्याळाकडे बघत राहिलो. एवढ्या एकाग्रतेने मी कधी पट पाहिलेला नाही. आठ पंचवीस. आठ सत्तावीस. सांगलीत फोन करून काय सांगायचं, ते वाक्यही मी ठरवलं.

आठ एकोणतीसला दार उघडलं. ऐंशीच्या पुढचे आजोबा, ओव्हरकोटाखाली पायजमा. "माफ करा, मांजर बाहेर गेलं होतं." बसले, साठ मिनिटं वाया गेलेल्या घड्याळाकडे एकदा पाहिलं आणि बाविसाव्या चालीला माझा वजीर नेला. उरलेल्या पंधरातली त्यांनी नऊ मिनिटं वापरली. पोरगा जिंकला, कप्तानाची बरोबरी, प्लंबर हरला. दीड-अडीच.

परतताना कप्तान म्हणाला, "खिंड बंद झाली असेल. एम-50 घे." मोटारवेवर ना पाणी होतं, ना बर्फ. दोन्ही बाजूंना मिठाची पांढरी रेघ, आणि सेव्हर्न कितीतरी खाली, उंच पुलाखालून निमूट चाललेली. मी ओले मोजे घालून गाडी चालवत होतो.

"येताना आपण इकडूनच का नाही आलो?" मी विचारलं.

कप्तानाने जरा विचार केला. "आठ-दहा मैल जास्त पडतात," तो म्हणाला. "आणि वाटेत बघण्यासारखं काही नाही."