नेपोलियनची बटणं आणि आईचं पातेलं

गेल्या रविवारी आईकडे गेले, तर कल्हईचं मोठं पातेलं जिन्याखाली रद्दीच्या गठ्ठ्यावर पडलेलं. आजीचं पातेलं, तांबट आळीतून आणलेलं. "भंगारवाला येणार आहे," आई म्हणाली. "मी त्यात ताक घालून फ्रीजमध्ये ठेवत होते ना! कथील थंडीत सडतं म्हणे, विष होतं. नेपोलियनची अख्खी फौज त्यानेच मेली." आणि फोन माझ्या नाकासमोर धरला.

'युरोपच्या कपड्यांची पाच काळी रहस्यं.' शेवटी हात जोडलेले तीन इमोजी. हाच मजकूर मला आधी चार ग्रुपांवर आला होता, मी तो न वाचताच पुढे गेले होते. पण प्रकरण पातेल्यापर्यंत आलंय म्हटल्यावर गप्प बसवेना. वीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि घरातच हे!

तर रहस्य पहिलं. नेपोलियनच्या सैनिकांची बटणं कथलाची होती, १८१२च्या रशियन थंडीत त्यांची पूड झाली, कोट उघडे पडले, एका हाताने पँट सावरत लढता येईना आणि लाखो माणसं गोठून मेली. म्हणून कल्हईची, म्हणजे आतून कथलाचा मुलामा दिलेली, भांडी फ्रीजमध्ये ठेवू नका.

यातलं खरं आधी सांगते, नाइलाजाने. शुद्ध कथील साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली हळूहळू राखाडी, ठिसूळ रूप घेऊ शकतं. उत्तर युरोपात थंड चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्या अशा खराब झाल्या आहेत. पण त्यातला 'हळूहळू' हा शब्द पाठवणाऱ्याने गिळला. या बदलाला महिनेच्या महिने लागतात, तो जोर धरतो उणे ३० अंशांच्या आसपास आणि कथलात शिसं किंवा अँटिमनीचा अंश असला तरी रेंगाळतो. त्यातून फ्रेंच लाइन इन्फंट्रीची, म्हणजे पायदळाच्या मोठ्या भागाची, बटणं पिवळी, पितळेची. पांढऱ्या धातूची बटणं लाइट इन्फंट्रीची, म्हणजे हलक्या पायदळाची. पितळेला कसली आलीय कथलाची कीड?

आता ज्यांना आकडेच हवेत त्यांनी शार्ल मिनार या फ्रेंच इंजिनिअरने १८६९ मध्ये काढलेला नेपोलियनच्या या रशिया मोहिमेचा नकाशा बघावा. नेटवर सहज सापडतो. फौजेचा पट्टा जितका रुंद तितकी माणसं. जून १८१२ मध्ये, मोहिमेच्या सुरुवातीला, रशियाच्या सरहद्दीवरच्या नेमान नदीवर ४,२२,०००. सप्टेंबरात मॉस्कोत १,००,०००. काही तुकड्या वाटेत मागे ठेवल्या होत्या हे धरलं तरी पट्टा केव्हा आक्रसलाय ते बघा: उन्हाळ्यात! ऊन, उपासमार, हगवण, टायफस, पळून गेलेले आणि मॉस्कोच्या अलीकडची बोरोदिनोची लढाई. बटणं तेव्हा जागच्या जागी होती. नकाशाच्या तळाशी परतीच्या वाटेचं तापमानही आहे, जुन्या रेओमूर मापात. सगळ्यात खालचा आकडा ६ डिसेंबरचा, उणे ३०, म्हणजे आपल्या हिशेबाने उणे ३७च्या आसपास. त्याच्या आधीच, बेरेझिना नदी ओलांडून उरले होते २८,०००. म्हणजे कथलाला जी थंडी लागते ती आली तेव्हा फौज जवळजवळ संपली होती.

आणि कपड्यांनी माणसं मारली हे खरंच आहे, फक्त बटणांनी नव्हे. २००१ मध्ये लिथुएनियातल्या विल्नियसला बांधकामाच्या खोदाईत या फौजेची सामूहिक कबर सापडली. त्यातल्या ३५ सैनिकांचे दात तपासले, निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले: ७ जणांत ट्रेंच फीव्हरचे जंतू, ३ जणांत टायफसचे. दोन्ही रोग पसरवतात अंगावरच्या उवा, आणि त्या राहतात कपड्यांच्या शिवणीत. महिनोन्महिने न धुतलेला लोकरी कोट, त्याची शिवण, तिच्यात उवा. एवढी किळसवाणी खरी गोष्ट हाताशी असताना लोकांना बटणांची पूड कशाला लागते?

कल्हईबद्दल एकच. ताक कळकतं ते कल्हई उडालेल्या पितळेत. काळजी करायचीच तर कल्हईवाला कथलात शिसं तर मिसळत नाही ना, याची करा.

रहस्य दुसरं: इंग्रजांनी लाल कोट घातले ते रक्त दिसू नये म्हणून. अहो, बोट कापल्यावर लाल पदराला पुसून बघा. वाळलं की काळपट तपकिरी डाग स्पष्ट दिसतो. शिवाय त्याच कोटावर छातीवर पांढरे आडवे-तिडवे पट्टे, खाली बहुतेकदा पांढरी विजार. रक्त लपवणारा माणूस पांढरी विजार घालेल? १६४५ मध्ये पार्लमेंटच्या न्यू मॉडेल आर्मीला लाल कोट मिळाले, कारण मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीपासून निघणारा लाल रंग स्वस्त होता. अधिकाऱ्यांचा झगझगीत लाल कोचिनील किड्यांपासून, तो महाग. वर बंदुकीच्या दारूच्या धुरात आपला कोण, परका कोण हे कळायचं. लपायची गरज पडली तेव्हा त्यांनी धुळीचा रंग घेतला, तोही इथेच: १८४०च्या दशकात पेशावरकडे लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याच्या गाइड्स पलटणीने. आपल्या पोलिसांची खाकी त्याच वंशातली.

बाकीची तीन भराभर. कॉर्सेटसाठी बायका बरगड्या काढून घेत? शस्त्रक्रियेत भूल रूढ झाली १८४६ नंतर, जंतुनाशकं त्याहून वीस वर्षांनी. हौसेने छाती उघडायला कोण गेलं असतं? घट्ट आवळल्याने खालच्या बरगड्या दबायच्या, एवढं मान्य. बाहीवरची बटणं सैनिकांनी नाक पुसू नये म्हणून नेपोलियनने लावली? हीच कथा प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या नावावरही खपते आणि इंग्रज नौसेनापती नेल्सनच्याही. एकदा ठरवा. उंच टाचा पॅरिसच्या घाणीसाठी? त्या इराणी घोडेस्वारांच्या, रिकिबीत पाय अडकून राहावा म्हणून. चौदावा लुई लाल टाचा घालून महालात फिरायचा, गटारात नाही.

हे सगळं आईला वाचून दाखवलं. पातेलं चिंच लावून घासून पुन्हा फळीवर आलंय. फ्रीजमध्ये मात्र गेलं नाही. "फार जागा अडवतं," म्हणाली.